काठोकाठ भरलेली वाटी

एका खाडीच्या मुखाशी एकदा एक वृद्ध प्राध्यापिका राहत असत. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, म्हणजे प्राणिप्लवकांचा, त्यांचा जन्मभराचा अभ्यास. निवृत्तीनंतर हाताशी एकच शिष्य उरला होता: हुशार, कष्टाळू, आणि निष्कर्षाप्रत जरा लवकर पोहोचणारा.

आश्विनात एक व्यापारी त्यांच्याकडे आला. खाडीचा एक कोपरा जाळीने वेढून तो मासे वाढवीत असे. "पिल्ले तयार आहेत, बाई. पाण्यात त्यांच्यापुरते खाणे असेल तर आजच सोडतो. नसेल तर ती मरतील आणि त्यांच्यामागून मी."

शिष्य होडी घेऊन गेला. बारीक जाळे पाण्यातून ओढून त्याने हाती लागलेला ऐवज मोजपात्रात ओतला. पात्र वैशाखात भरले होते तेवढेच भरले, आणि वैशाखातली पिल्ले तर उत्तम पोसली होती. तो हसतच परतला. "शेठ, खुशाल सोडा. अन्न तेवढेच आहे."

व्यापाऱ्याने माणसांना निरोप देण्यासाठी मोबाइल काढला. बाईंनी मोजपात्रात एकवार डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "फोन मागाहून. आधी दोघेही जेवून घ्या."

पाने वाढली गेली. व्यापाऱ्यापुढे भाकरी आणि वाटीभर परतलेला जवळा. शिष्यापुढेही भाकरी आणि तेवढीच वाटी. मात्र तिच्यात सकाळच्या जाळ्यातला काचेसारखा लिबलिबीत गोळा थरथरत होता.

"बाई, हे काय?"

"वाटी तेवढीच आहे, काठोकाठ भरलीही आहे. जेव की."

"अदलाबदल करणार नाही हं, आधीच सांगतो," व्यापारी घास घेत म्हणाला.

शिष्य ओशाळून वाटीत पाहू लागला. त्या गोळ्यातल्या एका जीवाच्या पारदर्शक पोटात दोन काळे ठिपके होते. नीट पाहिल्यावर त्याला कळले, ते माशाच्या पिल्लाचे डोळे होते. सकाळपासूनचा त्याचा आनंद क्षणात ओसरला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "वैशाखात पाणी खारे होते आणि त्यात तांदळाच्या कणीहूनही लहान कवचधारी जीव दाटले होते. तेच पिल्लांचे अन्न. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी आले आणि त्यांची वस्ती विरळ झाली. सध्या हंगाम आहे या इवल्या जेलीफिशांचा. मोजपात्र खोटे बोलले नाही. 'किती' एवढेच तू त्याला विचारलेस, तेवढेच त्याने सांगितले. एका हंगामातले जीव पिल्लांना पोसतात, दुसऱ्यातले पिल्लांनाच गिळतात."

व्यापाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला. "मग सोडू कधी?"

"मला ठाऊक नाही. हे पंचांगात लिहिलेले नसते. याला विचारा."

"दर आठवड्याला पाहून सांगतो, शेठ," शिष्य म्हणाला. "आता एकेक जीव ओळखून."

व्यापाऱ्याने उरलेला जवळा त्याच्या पानात लोटला. "मग जेव आधी. उपाशी माणसाचा निकाल मला नको."

भांडे किती भरले हे कळले, म्हणजे ते कशाने भरले हे कळले, असे होत नाही.