येसबा घाशा आणि शिवणघोळचा पाळणा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण सांगणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपल्या पदरची थोडी वर्षं घातली आहेत. घाटमाथ्यावर शिवणघोळ नावाचं वीस-बावीस घरांचं गाव होतं, आणि त्या मुलखात येसबा नावाचा एक माणूस होता. त्याचं आडनाव कोणालाच आठवत नाही. सगळे त्याला येसबा घाशा म्हणत.

घाशा का, तर तो लाकूड घासायचा म्हणून. तो सुतार नव्हता आणि रंगारीही नव्हता. सुतार वस्तू करून मोकळा होई, रंगारी शेवटी येऊन रंग लावी आणि कौतुक घेऊन जाई. मधलं सगळं येसबाकडे. जुनी खाट, जुना चौरंग, देव्हारा, काहीही पुन्हा रंगवायचं झालं की आधी येसबाला निरोप जायचा. तो रिठ्याच्या पाण्याने वर्षानुवर्षांचा चिकटा धुऊन काढी. सुटलेला रंग लोखंडी पट्टीने खरवडी. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून भेगा बुजवी. मग खरवताच्या झाडाची खरखरीत पानं घेऊन घासत बसे, नेहमी लाकडाच्या रेषेने, आडवं कधीही नाही.

असं म्हणतात, की त्याने घासलेल्या पाटावर चढलेली मुंगी घसरून पडायची. असंही म्हणतात, की जुन्या दाराला कान लावून तो सांगायचा, या दाराआड कोण रडलं होतं. मुंगीचं मी मानतो. दाराचं ज्याचं त्याने ठरवावं.

एवढं मात्र खरं, की पहिल्या दिवशी तो कामाला हातच लावत नसे. वस्तूसमोर मांडी घालून बसे, डोळे मिटून तिच्यावर बोटं फिरवी, टिचकी मारून ऐके, वास घेई. घरधनी कुरकुरला तर म्हणे, "आधी वळख तर हुंद्या. वळख न्हाई आन हात कसा लावू?" आणि पुन्हा डोळे मिटून घेई.

आता पाळण्याचं ऐका. शिवणघोळमध्ये सगळ्या गावाचा मिळून एकच पाळणा होता, शिवणीच्या लाकडाचा, चारी खांबांवर चार राघू कोरलेला. ज्या घरी मूल जन्मेल त्या घरी तो जाई आणि गावात पुढचं मूल जन्मेपर्यंत तिथेच राही. तो ज्या घरी असेल, त्या घरच्या आईचा शब्द पाळण्यावर चाले. त्यात पाटलानेही तोंड घालायचं नाही, असा रिवाज होता. आणि दुसरा रिवाज असा, की बारशाच्या दिवशी बाळाच्या मामाने जवसाच्या तेलात शेंदूर कालवून पाळण्याला एक हात द्यायचा. जुना रंग मात्र कधी काढायचा नाही, कारण तो कोणाच्या तरी मामाचा हात, कोणाचा तरी आशीर्वाद. आशीर्वाद कोण खरवडतं?

असे सव्वाशे हात पाळण्यावर बसले होते. राघूंच्या चोची, डोळे, पंख सगळं शेंदराखाली बुडून त्यांचे लाल लाडू झाले होते. पाळणा उचलायला चार गडी लागत. त्याला वाळवी लागत नाही, भुंगा पोखरत नाही, याचा गावाला कोण अभिमान होता. देवाचा पाळणा आहे, म्हणत.

पण त्या गावात मुलं जगत नव्हती. सगळीच जात असं नाही. काही धडधाकट वाढत, आणि काही सात-आठ महिन्यांची झाली की पोट आखडून रडू लागत, पांढरीफटक पडत, आणि एक दिवस रडायचंही थांबत. गावाने त्याचाही अर्थ लावून ठेवला होता. ज्या घरी पाळणा फार दिवस मुक्काम करतो, त्या घरावर तो रुसतो. म्हणून पाळणा घरात असला की बायका शेजारणीला लवकर दिवस जावेत म्हणून नवस बोलत. हसू नका, तुमच्या-माझ्या घरी याहून शहाणे नवस बोललेले नाहीत.

गावाच्या टोकाला गोजराचं घर होतं. तिची दोन मुलं त्याच पाळण्यातून गेली होती. आता तिसरी मुलगी झाली होती, सहा महिन्यांची, आणि पाळणा पुन्हा तिच्याच घरी मुक्कामाला होता. गावात दुसरी कोणी बाळंत व्हायची लक्षणं नव्हती. मुलीचं पोट आखडायला लागलं तेव्हा गोजराने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, तिला सगळं पाठ होतं.

त्याच सुमारास पाळण्यावरचे पापुद्रे सुटायला लागले. नवा हात धरेना. तेव्हा खंडोजी पाटलाने येसबाला बोलावून घेतलं आणि बजावलं, "वरचं सुटलंय तेवढंच काढ, आन गुळगुळीत करून दे. खालच्याला धक्का लावायचा न्हाई."

येसबा गोजराच्या अंगणात पाळण्यासमोर बसला. डोळे मिटून त्याने बोटं फिरवली. वरच्या कडेवर बोट अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं. तांदळाएवढे खळगे होते, दोन-दोनच्या जोडीने, सगळ्या कडेला. त्याने डोळे उघडले तर गोजराची मुलगी पाळण्यात बसून ती कड चघळत होती आणि तिच्या हनुवटीवरून लाल लाळ गळत होती.

असं म्हणतात, की येसबा आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी घाईने उठला. त्याने मुलीला उचलून आईच्या हातात दिलं, तिचं तोंड आपल्या धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तसाच चावडीवर गेला.

"पाटील, ह्या लाकडाला वाळवी का लागत न्हाई, ठावं हाय?" तो म्हणाला. "ह्यो शेंदूर हाय म्हनून. शिसं असतंय त्यात, इख. जे वाळवी खाईना, ते तुमची लेकरं चाटत्यात. सगळा उतरवाया लागंल. पार लाकडापत्तोर."

खंडोजी पाटील वाईट माणूस नव्हता. पण त्याचा चेहरा उतरला. "त्यो शेंदूर न्हवं, येसबा. आमची मानसं हायती ती," तो म्हणाला. "येकेक हात येकेका मामाचा. माझ्या मामाचा बी हाय. न्हाई जमायचं."

एव्हाना गाव जमलं होतं. शेंदूर दगडाच्या देवाला शोभतो, आणि देव काही तो चाटत नाही, एवढी साधी गोष्ट. पण सव्वाशे हातांच्या विरुद्ध एका परक्या माणसाची दोन बोटं कोण मानणार? तेवढ्यात मुलीला कडेवर घेऊन गोजरा आली. डोक्यावरचा पदर सावरून ती पाटलासमोर उभी राहिली.

"आबा, पाळणा आज माझ्या घरी हाय. शबूद माझा."

"पोरी, इचार कर. सगळ्यांचा आशीर्वाद काढून टाकशील आन उद्या हिचं काय झालं, तर गाव तुला उभी करणार न्हाई."

गोजरा येसबाकडे वळून म्हणाली, "दादा, सगळ्यात वरचा हात माझ्या भावाचा हाय, आन खाली बी त्याचे दोन हायती. तिन्ही लेकरांच्या येळचे. तिथनंच सुरू करा."

पाटील वाटेतून बाजूला झाला.

येसबाने गावाबाहेर उजाड माळावर, विहिरी-ओढ्यापासून लांब, खोल खड्डा खणला आणि चार गड्यांकरवी पाळणा तिथे नेला. लाकूड तो आधी भिजवायचा, मगच पट्टी लावायचा, म्हणजे धूळ उडू नये. तोंडाला ओलं फडकं बांधायचा. निघालेला चिखल खड्ड्यात. कोणाला जवळ येऊ देत नसे. मुलगी तोवर जुन्या लुगड्याच्या झोळीत निजायची आणि गोजरा रोज सकाळी तिचं पोट चाचपून बघायची.

सव्वा महिना काम चाललं. पहिले काही दिवस गाव फिरकलंच नाही. मग एक म्हातारी आली, लांब उभी राहिली आणि एक किरमिजी थर निघताना म्हणाली, "ह्यो माझ्या बारक्याच्या येळचा. माझ्या भावानं दिल्याला." येसबाने पट्टी थांबवली. म्हातारीने नमस्कार केला, तेव्हा त्याने तो थर काढला. दुसऱ्या दिवशी आणखी चार जण आले. पुढे तर रीतच पडली. थर उघडा व्हायचा, कोणीतरी ओळखायचं, मामाचं नाव घ्यायचं, बाळाचं नाव घ्यायचं. जगलेल्यांचंही आणि गेलेल्यांचंही. ज्या मुलांची नावं घरात कोणी उच्चारत नव्हतं, ती त्या माळावर मोठ्याने घेतली गेली. येसबा प्रत्येक वेळी थांबायचा.

एके दिवशी खंडोजी पाटील आला. समोरचा थर बघून म्हणाला, "ह्यो माझ्या धाकट्या भावाच्या बारशाचा. गेला तवा सात म्हैन्यांचा व्हता." मग त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, ओलं केलं, आणि येसबाच्या तोंडावरचं झिजलेलं फडकं सोडून त्या जागी स्वतःच्या हाताने बांधलं.

शेवटचा थर निघाला तेव्हा राघूंच्या चोची दिसल्या. चारही उघड्या होत्या. असं म्हणतात, की ऊन लागताच चारही राघू एकदाच बोलले, आणि रात्रीत एका खांबाला शिवणीचं कोवळं पान फुटलं. येसबाने भेगा बुजवल्या, खरवताच्या पानांनी लाकूड घासलं आणि पाळणा दोन बोटांवर उचलून गोजराच्या दारात आणून ठेवला. मुलगी तोवर रांगत होती. तिने कड धरली, उभी राहिली आणि लाकूड कराकरा चावलं. गोजरा तिथेच बसून रडली.

पण सव्वाशे हात उतरवणाऱ्याचे हात मात्र गेले. ओलं करून, फडकं बांधूनही जे अंगात जायचं ते गेलंच होतं. येसबाच्या हिरड्या काळ्यानिळ्या पडल्या, मनगटं लोळायला लागली, बोटांत पान धरवेना. लोक म्हणतात, मुलांची दुखणी त्याने आपल्या अंगावर घेतली. मला वाटतं, त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं, आणि तरीही तो बसला.

गोजराने त्याला जाऊ दिलं नाही. एका मांडीवर मुलगी, समोर येसबा, अशी ती दोघांना भरवायची. पाटलाने एकदा चाचरत विचारलं, "येसबा, मामांनी आता हात द्यावा का न्हाई?" येसबा हसला. म्हणाला, "द्या की. मामाचा हक्क हाय. पर शेंदूर नको, आन लेकराच्या तोंडाशी येतंय तितं चार बोटं लाकूड ऱ्हाऊ द्या." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो वारला.

आजही शिवणघोळमध्ये जा. पाळणा, पाट, खाट, देव्हारा, परवा शहरातून आणलेलं टेबल सुद्धा, काहीही रंगवलं तरी कडेला चार बोटं लाकूड कोरं ठेवतात. त्याला येसबाची बोटं म्हणतात. बाहेरचा रंगारी चुकून ती जागा भरतो, तर घरातली बाई ओलं फडकं आणि पट्टी घेऊन बसते.

आणि बारशाला अजून मामाच रंग देतो. तेव्हा बाळाची आई पाळण्याच्या कडेवर आपली चार बोटं टेकवून बसते, आणि मामा ब्रश त्या बोटांपर्यंत आणून थांबवतो. थोडा रंग तिच्या बोटांना लागतोच. मग जमलेल्या बायका बाळाचं नाव घ्यायची घाई करत नाहीत. आई उठते, दाराबाहेर जाऊन हात धुते, नखं धुते, पुन्हा एकदा धुते, आणि मगच बाळाला घेते.