गेरूची फुली

फार मागे, इतकं मागे की त्या वेळच्या दगडांचीही आता माती झाली असेल, इब्री, म्हणजे यहुदी लोकांच्या डोंगराळ मुलखात टेकडीवर एक गाव होतं. गावाभोवती उंच भिंत होती, चुना फासलेली, पांढरीशुभ्र. दरीपलीकडून पाहिली तरी डोळे दिपायचे. ती बांधली होती उज्जी गवंड्याने, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. पाहुणा वेशीत आला रे आला की उज्जी त्याचा हात धरून त्याला तिथे न्यायचा. "बघ बाबा, ह्याला म्हणतात भिंत!"

आता त्या गावची रीत ऐका. दरवर्षी सणाआधी गवंडी ओळंबा घेऊन घरोघरी फिरायचा. ओळंबा ठाऊक आहे ना? दोरी आणि तिच्या टोकाला वजन, बस. वरून सोडला की सरळ खाली लोंबतो, आणि भिंतीचा वाकडेपणा उघडा पडतो. वाकड्या भिंतीवर गवंडी गेरूची फुली मारायचा. फुली पडली की पावसाच्या आत भिंत उतरवायची, मग ती कुणाचीही असो. परमेश्वरसुद्धा एक दिवस असाच हातात ओळंबा धरून आपल्या लोकांमध्ये उभा राहील, असं देवाचा निरोप आणणारे तिथले संदेष्टे सांगत आले होते. त्याची ही आठवण.

गाव तर देवाच्या त्या न्यायाच्या दिवसाकडे डोळे लावून बसलेलं. का? तर दरीपलीकडचं गाव मोठं लबाड, आणि त्यांचा निकाल लागलेला ह्यांना बघायचा होता! आपलाही निकाल लागेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी उज्जीने एका विधवा कुंभारणीच्या भिंतीवर फुली मारली. भिंत कलली होती दोनच बोटं. बिचारी मान खाली घालून उभी राहिली. पण तिर्सा म्हातारी कसली गप्प बसते! अंजिरं विकून पोट भरणारी ही म्हातारी गावभिंतीच्या बाहेर, अगदी पायथ्याशी, झोपडीत राहायची.

"उज्जी, तुझ्या भिंतीला कधी लावलास रे ओळंबा?"

"माझ्या? आजीबाई, चाळीस वर्षं झाली ती उभी आहे. माझा डोळाच ओळंबा आहे!"

"असेल बाबा. पण तुझी भिंत रोज माझ्या झोपडीत डोकावते. काल तर ताटात काय वाढलंय तेच बघत होती."

लोक खो खो हसले. उज्जीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाआधी भिंतीला नवा चुना लावायचा असे. दरवर्षी ते काम गडी करत. ह्या वर्षी म्हातारीच्या नाकावर टिच्चून तो स्वतःच भिंतीवर चढला. म्हणाला, असा चुना लावतो की हिचं तोंडच बंद होईल.

भर दुपार होती. त्याने चुन्याचं मडकं दोरीला बांधलं आणि वरून बाहेरच्या बाजूने खाली सोडलं. दोरी वरच्या कडेला टेकलेली. मग तो खाली उतरला आणि बघतो तर काय, मडकं भिंतीपासून चांगलं वीतभर दूर लोंबकळत होतं.

वारा असेल, असं तो मनाशी म्हणाला. पण वारा नव्हता. त्याने हाताने मडकं भिंतीकडे ढकललं. ते पुन्हा मागे आलं, दोनदा हललं आणि होतं तिथेच थांबलं.

उज्जीने मडकं आणि भिंत यांच्यामध्ये वीत लावून पाहिली. कुंभारणीची दोन बोटं त्याला दिसली होती, आणि स्वतःची वीत दिसली नव्हती! समोर म्हातारीच्या झोपडीतून चुलीचा धूर येत होता. भिंत पडली तर आधी कुणावर पडणार, हे सांगायला गवंडी कशाला हवा? त्याला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगू? तरीही एकदा त्याच्या मनात आलं, की चुना फासून गप्प बसावं.

सणाचा दिवस उजाडला. सगळं गाव भिंतीपाशी जमलं. गावच्या मुखियाने हात वर करून प्रार्थना केली, "प्रभू, तुझा न्यायाचा दिवस लवकर आण!"

"थांबा," उज्जी म्हणाला. "कशाच्या जोरावर मागताय?" आणि पुढे होऊन त्याने आपल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर गेरूची ही भलीमोठी फुली मारली.

"वेड लागलं का तुला?" मुखिया ओरडला. "पलीकडचे लोक हसतील!"

"हसू देत. देव ओळंबा घेऊन आला तर आधी आपल्याच दारात उभा राहील. त्याला काय चुना दाखवू?"

मुखियाने आपल्या वाड्यालगतच्या भिंतीला हात लावू दिला नाही. त्याचं धान्याचं कोठार तिच्या आतल्या बाजूला टेकलेलं होतं. बाकीची भिंत उज्जी एकटाच उतरवू लागला. दुसऱ्या दिवशी कुंभारीण पाटी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तिर्सा अंजिरं घेऊन आली. म्हणाली, "खा आधी. रिकाम्या पोटी पश्चात्ताप फार वेळ टिकत नाही." मग हळूहळू गावच आलं. थरामागून थर, दर थराला ओळंबा लावत, त्यांनी भिंत पुन्हा उभी केली.

मग पाऊस आला, गारा आल्या, टेकडी हादरेल असं वादळ आलं. मुखियाने राखलेली तेवढी भिंत कोसळली आणि जाताना कोठारही ओढून घेऊन गेली. वर्षाचं धान्य चिखलात गेलं. नवी भिंत जागची हलली नाही, आणि तिच्या आडोशाला म्हातारीची चूल पेटलेलीच राहिली.

वादळ शमल्यावर मुखिया खाली मान घालून उज्जीच्या दारी आला. "ओळंबा घे, गवंडीबाबा. आधी माझ्या घराला लाव."

"आधी माझ्या," उज्जी म्हणाला. तेव्हापासून त्या गावात ओळंब्याची फेरी गवंड्याच्या घरापासून सुरू होते.

उज्जी पुढेही पाहुण्यांचा हात धरून न्यायचाच. खोड कुठे जाते! पण आता तो भिंत दाखवत नसे. फुलीचा एक जुना दगड त्याने मुद्दाम वेशीपाशी बसवला होता, आणि त्यावर चुना लावायला सक्त मनाई होती. त्यावर थाप मारून तो छाती फुगवून म्हणायचा, "बघ बाबा, ही फुली माझ्या भिंतीवरची. आणि मारलीही मीच!"

तर मंडळी, लक्षात ठेवा: देवाचा न्याय मागायचा असेल, तर ओळंबा आधी आपल्या भिंतीला लावावा.