बिटकीची निळी गोटी

मांडी घाला. पाणी पिऊन झालं? मग ऐका.

एक होती उंदरी. एवढीशी. तिचं नाव बिटकी.

आमच्या मागच्या अंगणात एक फुटकी कुंडी आहे. त्या कुंडीत बिटकीचं दुकान. दुकानात काय काय? दोन बटणं. एक बूच. आणि एक निळी गोटी. गोटीच्या पोटात पांढरं फूल. अशी गोटी साऱ्या अंगणात एकच. बिटकी रोज तिच्यावर फूऽ करायची आणि शेपटीनं पुसायची.

एकदा सकाळी सकाळी कावळा आला. काव काव. चोचीतला शेंगदाणा त्यानं खाली ठेवला. एकच शेंगदाणा, बरं का. म्हणाला, "गोटी दे. माझ्या पिल्लाला खेळायला हवी."

बिटकीला गोटी द्यायची नव्हती. पण दुकान नुकतं उघडलेलं. कावळा पहिलं गिऱ्हाईक. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीला नाही म्हणायचं नसतं. त्यातून पिल्लाला हवी म्हणतो. मग काय, दिली. शेंगदाणा कपाळाला लावला. कुटुकुटु खाल्ला.

मी खिडकीत मेथी निवडत होते. मला सगळं दिसलं.

मेथीची अर्धी जुडी नाही झाली, तर कावळा गेला साळुंकीकडे. तिला गोटी दिली. तिच्याकडून गुळाचा खडा घेतला. केवढा? बिटकीच्या डोक्याएवढा. आला तो थेट शेवग्यावर, घरट्यात बसला, गूळ चोखायला लागला. आणि पिल्लू? पिल्लाला गोटी दाखवलीसुद्धा नाही.

बिटकीनं ते पाहिलं. तिच्या मिशा थरथरल्या. एका शेंगदाण्याला दिली. पिल्लासाठी म्हणून दिली. आणि यानं विकली?

निघाली बिटकी. लुटुलुटु लुटुलुटु. शेवग्याखाली उभी राहिली.

"कावळेदादा, गोटी परत आणा."

कावळा म्हणाला, "दिलीस ना? मग झालं तर." आणि पुन्हा गूळ चोखायला लागला. चूक चूक.

काय म्हणावं याला? बिटकी शेवग्याकडे वळली.

"शेवगेआजोबा, फांदी हलवा.
कावळा गोटी आणेना.
माझा जीव राहीना."

शेवगा म्हणाला, "मी नाही हलवत." त्याच्या फांद्या म्हणे तकलादू. हलल्या की मोडल्या.

बरं. निघाली बिटकी. लुटुलुटु लुटुलुटु. शेळीकडे आली.

"शेळीमावशी, पाला खा.
शेवगा फांदी हलवीना.
कावळा गोटी आणेना.
माझा जीव राहीना."

शेळी म्हणाली, "मी नाही खात." सकाळीच शिळी भाकरी झाली होती तिची. आता रवंथ चालला होता. कचर कचर. रवंथ करताना मध्ये बोलायचं नाही, असंही म्हणाली.

बरं बाई. निघाली बिटकी. लुटुलुटु लुटुलुटु. कुत्र्याकडे आली.

"कुत्रेकाका, मोठ्यानं भुंका.
शेळी पाला खाईना.
शेवगा फांदी हलवीना.
कावळा गोटी आणेना.
माझा जीव राहीना."

कुत्रा म्हणाला, "मी नाही भुंकत." भुंकलो की त्या खिडकीतल्या वहिनी चप्पल फेकतात, म्हणाला.

आता चप्पल मी एकदाच फेकली होती. तीही लागली नव्हती. पण ते जाऊ दे.

बिटकीनं कपाळावर हात मारला. एकाला हलायचं नाही, एकीला खायचं नाही, एकाला भुंकायचं नाही. सगळ्यांना नुसतं बसायचंय. निघाली बिटकी. आता पाय दुखायला लागले. लुटू... लुटू... लुटू... लुटू... न्हाणीच्या दगडाशी आली. तिथे होता एक मुंगळा. काळा कुळकुळीत.

"मुंगळेदादा, कडकडून चावा.
कुत्रा काही भुंकेना.
शेळी पाला खाईना.
शेवगा फांदी हलवीना.
कावळा गोटी आणेना.
माझा जीव राहीना."

मुंगळा म्हणाला, "मी नाही चावत." त्याला फार काम होतं. काय काम ते काही सांगेना.

बिटकी मटकन खाली बसली. स्वतःशीच पुटपुटली. म्हणाली, कावळा तिकडे घरट्यात बसून गूळ खातोय, आणि मी इकडे पाय मोडून घेतेय.

मुंगळा थांबला. त्याच्या दोन्ही मिशा ताठ झाल्या.

"गूळ?" मुंगळा म्हणाला. "आधी नाही का सांगायचं?"

आणि मुंगळा निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. चढला कुत्र्याच्या पायावर. गेला कुत्र्याच्या कानात. आता चावणार, तेवढ्यात...

कुत्रा म्हणाला, "चावू नको, चावू नको. मी भुंकतो." भो भो भो.

शेळी म्हणाली, "भुंकू नको, भुंकू नको. मी खाते." कचर कचर कचर.

शेवगा म्हणाला, "खाऊ नको, खाऊ नको. मी हलवतो." सळसळ सळसळ सळसळ. आणि एकही फांदी मोडली नाही, बरं का.

घरटं हललं. इकडे. तिकडे. इकडे. तिकडे. गुळाचा चुरा खाली पडला. टप टप टप. तो सगळा मुंगळ्यानं उचलला.

कावळा म्हणाला, "हलवू नका, हलवू नका. मी गोटी आणतो."

उरलेला गूळ घेऊन कावळा साळुंकीकडे गेला. गूळ घे आणि गोटी दे, म्हणाला. साळुंकीनं गूळ उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला. चोखून चोखून तो झाला होता वाटाण्याएवढा.

साळुंकी म्हणाली, "एवढ्यात नाही जमायचं. वर शेपटीचं एक पीस द्या."

कावळा म्हणाला, मघाशी तर गोटी एका खड्याला दिली होती. साळुंकी म्हणाली, ती मघाची गोष्ट.

काय करतो? दिलं. टुप्.

गोटी आली बिटकीच्या कुंडीत. बिटकीनं फूऽ केलं. शेपटीनं पुसली. पांढरं फूल होतं तसंच होतं. बिटकीचा जीव थाऱ्यावर आला.

तेवढ्यात आवाज आला. टुपुक टुपुक. टुपुक टुपुक. कोण आलं? कावळ्याचं पिल्लू. नुकतं उडायला शिकलेलं. त्यानं मान वाकडी केली. चोच उघडी टाकली. गोटीकडे बघतच राहिलं.

"हे काय आहे?" पिल्लानं विचारलं.

बिटकीनं गोटीकडे पाहिलं. पिल्लाकडे पाहिलं. शेंगदाणा तर केव्हाच पोटात गेला होता. आणि तो पिल्लाच्या नावानं घेतला होता.

"गोटी आहे," बिटकी म्हणाली. "रोज यायचं. इथं बसून खेळायचं. घरी न्यायची नाही."

पिल्लानं चोचीनं गोटी ढकलली. गडगड गडगड. बिटकीनं शेपटीनं परत ढकलली. गडगड गडगड. ऊन कुंडीवरून शेवग्यापर्यंत सरकलं, तरी दोघांचं चालूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काव काव. कावळा दारात. शेपटी आखूड. चोचीत दोन शेंगदाणे. भवानी कर म्हणाला, आणि डोळा सगळा निळ्या गोटीवर.

भवानीला नाही म्हणायचं नसतं. बिटकी नाही म्हणाली नाही.

"घ्या की, कावळेदादा," बिटकी म्हणाली. आणि एक बटण पुढे केलं.

गोटी तिथं, पिल्लू तिथं, माझी मेथी निवडून झाली.