वीरणेने शुभ्रतोयेला दिलेला शाप

कृतयुग सरत आले होते, पण त्रेतायुगाची चाहूल अजून कोणास लागली नव्हती, त्या काळची ही हकीकत आहे. तेव्हा विंध्याद्रीच्या दक्षिणेस, काळ्या पाषाणांच्या विस्तीर्ण पठारावरून शुभ्रतोया नावाची नदी वाहत असे. गंगेसारखी ती विष्णूच्या चरणांपासून निघाली नव्हती. एका साध्या टेकडीच्या कुशीत तिचा उगम होता. तरीही तिचे पाणी इतके नितळ, की तळाच्या गारगोट्यांवरच्या रेषा काठावरून दिसाव्यात; आणि दोन्ही तीरांवर करंज, जांभूळ व अर्जुनवृक्षांची अशी दाट छाया, की भर वैशाखातही तेथील वाटेवर अनवाणी चालता यावे.

या नदीच्या वरच्या अंगाला ऋतंभर ऋषींचा आश्रम होता. शिष्य, त्यांच्या स्त्रिया आणि मुले मिळून चाळीस माणसे तेथे राहत. ऋतंभर शांतचित्त होते; त्यांना क्रोध आलेला कोणी कधी पाहिला नव्हता. त्यांची पत्नी वीरणा मात्र तापट होती. गाय तहानलेली राहिली, अथवा कोणी शिष्याने नीवाराच्या भाताचे वाफे तुडवले, की तिचा आवाज पैलतीरावर ऐकू जाई. मग तिलाच वाईट वाटे, ती पतीपुढे हात जोडून उभी राही, आणि ऋतंभर हसून म्हणत, “वीरणे, एवढा एक दोष तुझ्यातून गेला, तर मोक्ष तुला दूर नाही.” त्यांना कुवला नावाची चार वर्षांची कन्या होती. ती आईवर गेली होती.

त्याच सुमारास देवांनी दानवांचा दारुण पराभव केला. सात अहोरात्र चाललेल्या त्या युद्धात सागर रक्ताने गढूळ झाला होता. तो पुन्हा निर्मळ झाल्यावर जलाधिपती वरुणाने आपल्या सागरतळीच्या नगरीत वर्षभराचा विजयोत्सव मांडला. छतासाठी त्याने आकाशातील सारे मेघ बोलावून घेतले आणि पृथ्वीवरच्या नद्यांकडे दूत धाडले. मकरारूढ दूत शुभ्रतोयेपाशी आला आणि म्हणाला, “देवी, जी नदी आपले सर्व जल, वाटेत एक थेंबही मागे न ठेवता, प्रभूंच्या चरणी आणील, तिला गंगेच्या शेजारचे आसन मिळणार आहे.”

शुभ्रतोयेला आजवर कोणत्याही सभेत कोणी नावाने हाक मारली नव्हती. तिने विचारले, “आणि माझ्या काठच्यांचे काय?”

“काठचे लोक मर्त्य आहेत, देवी. ते आज ना उद्या मरणारच. हे आसन मात्र पुन्हा मिळणार नाही.”

नदी क्षणभर घुटमळली. मग गेली.

सकाळी आश्रमातील स्त्रिया घडे घेऊन उतरल्या तेव्हा पात्रात मासे तडफडत होते. गायी रोजच्या उतारावर मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत तेथून हलल्या नाहीत. डोहांत उरलेला ओलावा आठ दिवसांत चिखल झाला, चिखलाची ढेकळे झाली. आकाशात मेघ नव्हता. चारी दिशांना सात सात दिवसांच्या वाटेवर पाणी नव्हते. जे शोधावयास गेले ते परतले नाहीत. विसाव्या दिवशी दुपारी कुवला आईच्या मांडीवर वारली. शेवटी तिची जीभ टाळूला चिकटली होती, तरी ती ओठ हलवत होती, आणि वीरणेला ते शब्द कळत होते.

त्यानंतर ऋतंभरांनी उरलेल्यांना एकत्र करून सांगितले, “देवांनी जल दिले, देवांनी नेले. त्यांच्या इच्छेस शरण जाऊन आपण प्रायोपवेशन करू. धडपडत मरण्यापेक्षा आसनस्थ होऊन देह ठेवणे तपस्व्यांना शोभते.”

वीरणेने विचारले, “आर्यपुत्र, आपल्याला राग येत नाही?”

“कोणावर रागवू, वीरणे?”

कुवला गेल्यावर उभे राहण्यास वीरणेला काही कारण उरले नव्हते. ती पतीच्या डाव्या हाताला कोरड्या पात्रात जाऊन बसली आणि तिने डोळे मिटले.

एकेक जण कलंडत गेला. नवव्या दिवशी ऋतंभरांची मान छातीवर आली ती पुन्हा वर झाली नाही. वीरणेला दिवस कळेनासे झाले. तेव्हा तिच्यासमोर शोषासुर येऊन बसला. तडकलेल्या मातीसारखी त्याची कातडी होती आणि आवाज फार सौम्य होता. पूर्वी त्याने घोर तप करून ब्रह्मदेवाकडून असा वर मिळवला होता, की मरणाच्या उंबरठ्यावर जो आपल्या मुखाने आपल्या मृत्यूस संमती देईल, त्याचे प्राण शोषासुराचे भक्ष्य व्हावेत.

“तपस्विनी,” तो म्हणाला, “तू फार सोसलेस. ‘देवांची इच्छा’ एवढे दोन शब्द बोल. मी तुला वेदना होऊ देणार नाही. तुझ्या पतीने हे शब्द फार सुंदर उच्चारले. सर्वांनीच उच्चारले.”

वीरणेचे ओठ फाटले होते. ते शब्द तिच्या जिभेवर आले होतेच. पण काही तरी आठवून तिने विचारले, “माझ्या मुलीनेही उच्चारले?”

असुराला असत्य बोलण्याची गरज कधी पडली नव्हती. तो म्हणाला, “नाही. तिचे प्राण मला मिळाले नाहीत. ती शेवटपर्यंत पाणीच मागत होती.”

वीरणेने डोळे उघडले. तिला राग आला. ते दुःख नव्हते. दुःखाने तिला येथे आणून बसवले होते. “ती चार वर्षांची होती,” ती म्हणाली, “तिला वेद येत नव्हते, देव कोण हे ठाऊक नव्हते. तिने ‘हो’ म्हटले नाही. आणि मी, तिची आई, येथे बसून ‘हो’ म्हणू?”

“मग काय करशील? पाणी तर नाही.”

“तुला प्राण देणार नाही. पुढचे मला माहीत नाही.”

तिला उभे राहता येईना. ती पालथी झाली आणि कोपरांवर सरपटू लागली. सूर्य डोक्यावर होता, वाळू तव्यासारखी तापली होती, आणि असुर तिच्या बाजूने सावकाश चालत होता. काठाच्या वळणावर वाळ्याचे एक बेट होते. त्याची पाती करपली होती, पण बुडाशी दोन बोटे हिरवी होती. वीरणेने ते पाहिले. गवत हिरवे आहे, तर ते काही तरी पीत आहे, एवढे तिला कळले. तिने दोन्ही हात वाळूत घातले.

एक वीत खणल्यावर वाळू निवाली. दोन वितींवर नखे उलटली. हातभर खोलीवर वाळूचा रंग गडद झाला, आणि तिने ती मूठभर वाळू तोंडात कोंबून चोखली. थुंकली, पुन्हा खणले. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा खड्ड्याच्या तळाशी, रक्त आणि माती मिसळलेले, ओंजळीच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाणी जमले होते. शुभ्रतोया एक थेंबही मागे न ठेवता गेल्याची शपथ सागरात घेत होती. पण वाळ्याच्या मुळांनी धरून ठेवलेले एवढे पाणी तिच्या हातून निसटले होते. वीरणा ते प्यायली, ओकली, पाणी पुन्हा जमेपर्यंत थांबली आणि पुन्हा प्यायली. शोषासुर बराच वेळ पाहत राहिला. मग मागे सरकून दूर जाऊन बसला.

पुढच्या दिवसांत तिने काय काय खाल्ले ते सांगण्यास पुराणिक कचरतात. मी सांगतो. तिने सरडे खाल्ले, उंदीर खाल्ले, मेलेल्या गायींची कातडी चावली. ज्या हातांनी नैवेद्य वाढले होते त्याच हातांनी तिने साप ठेचला. अंगात बळ आल्यावर तिने पती, कन्या आणि आश्रमातले जेवढे देह सापडले तेवढे पात्रातून ओढून काठावर नेले आणि त्यांवर दगड रचले. प्रत्येक दगड ठेवताना ती मंत्र म्हणत नव्हती, शिव्या देत होती. मग ज्येष्ठाच्या अखेरीस वाळलेल्या वेळूंच्या बनात वणवा पेटला. पळण्यास वाट नव्हती. वीरणा आपल्याच खड्ड्यात उतरली, ओली वाळू अंगावर ओढून घेतली आणि तोंड तळाशी दाबून पडून राहिली. आग वरून गेली. तिची पाठ आणि केस जळाले. ती बाहेर आली तेव्हा पठार क्षितिजापर्यंत काळे होते, आणि राखेवर शोषासुर बसला होता.

“आता तर कोणीच उरले नाही,” तो म्हणाला. “तुला पाणी सापडेल, अन्नही सापडेल. पण कोणासाठी?”

हा प्रश्न आगीहून कठीण होता. “मला त्या नदीला गाठायचे आहे,” वीरणा म्हणाली. “तिने माझ्याकडे पाहावे, असे वाटते. तेवढ्यासाठी उद्या उठेन.”

“आणि परवा?”

“परवाचे परवा.”

ती पात्रातून पश्चिमेस निघाली. दिवस मावळण्यापूर्वी जेथे वाळा अथवा लव्हाळा दिसे तेथे खणायचे, प्यायचे, खड्डा तसाच सोडून पुढे जायचे, असा तिचा क्रम झाला. एकदा विसरलेली काठी आणण्यासाठी ती मागे वळली, तर आदल्या दिवशीच्या खड्ड्यावर एक वृद्ध निषाद आपल्या आंधळ्या पत्नीला द्रोणाने पाणी पाजत होता, आणि पलीकडे दोन कोल्ही आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी होती. निषादाने तिला पाहून विचारले, “माई, हे पाणी कोणाचे?”

“ज्याला तहान आहे त्याचे,” वीरणा म्हणाली. त्या दिवसापासून ती आपल्याला लागेल त्याहून खोल आणि रुंद खणू लागली. शोषासुर त्यानंतर तिच्या मागे आला नाही.

सहा महिन्यांनी ती सागरतीरी पोहोचली. तेव्हा तळाशी वरुणाची सभा भरली होती. मोत्यांचे खांब, प्रवाळांची तोरणे, वर छतासारखे पसरलेले निळे मेघ, आणि गंगेच्या शेजारी रत्नजडित आसनावर शुभ्रतोया. तीरावरच्या नगरद्वारी उभ्या राहिलेल्या, जळक्या पाठीच्या, वल्कलाच्या चिंध्या नेसलेल्या त्या स्त्रीला द्वारपालांनी अडवले. वीरणा इतक्या मोठ्याने ओरडली की लाटा दुभंगल्या. वरुणाने तिला आत आणविले.

तिने सर्व सांगितले. चाळीसही जणांची नावे घेतली. वरुण आसनावरून उठून म्हणाला, “साध्वी, मला हे ठाऊक नव्हते.”

“हेच मला ऐकायचे नव्हते,” वीरणा म्हणाली. “तुझी इच्छा म्हणून माझा पती हात जोडून मेला. तुझी इच्छाही नव्हती, वरुणा. तुझे लक्षच नव्हते. तुला छत हवे होते आणि हिला आसन हवे होते, आणि तेवढ्यावर माझी कुवला पाणी मागत गेली.”

वरुणाने मान खाली घातली. “तू म्हणशील तो वर देतो. तुझी कन्या जेथे आहे त्या लोकात, देवींच्या पंक्तीत तुला स्थान देतो. आताच चल.”

वीरणेला मोह झाला. तो झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. कुवलेच्या नावाने तिने एक पाऊल पुढे टाकलेही. पण मागे पात्रात तिने सोडलेले खड्डे वाऱ्याने बुजत असतील, हेही तिला दिसत होते. “मला मरणे बक्षीस म्हणून देऊ नकोस,” ती म्हणाली. “ते मी एकदा नाकारले आहे. मी जगणार आहे. मेघ सोड, एवढे कर. तो वर नव्हे, तुझे काम आहे.”

मग ती शुभ्रतोयेकडे वळली. शाप देताना ओंजळीत जल घ्यावे लागते. वीरणेने समोरच्या सागराच्या जलाला हात लावला नाही. कमरेच्या गाठीतून तिने पात्रातली वाळू काढली आणि ओंजळीत धरली.

“शुभ्रतोये, माझ्याकडे पाहा. तू थेंबही मागे न ठेवता निघालीस. यापुढे तुला पूर्ण निघता येणार नाही. दर ग्रीष्मात तू आटशील, तुझे पात्र उघडे पडेल आणि लोक तुला मेलेली म्हणतील. पण तुझा प्राण वाळूखाली अडकून राहील. जो कोणी तहानलेला जीव हातांनी खणेल, त्याला तू वर येऊन भेटशील. तो ब्राह्मण आहे की निषाद आहे की कोल्हा आहे, हे तू विचारणार नाहीस. आणि कोणत्याही सभेत तू कधीच सगळी हजर नसशील.”

तिने वाळू सोडली. शुभ्रतोयेच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती आसनावरून उतरून म्हणाली, “क्षमा कर, माते.”

“नाही,” वीरणा म्हणाली. “परत चल.”

पुढे मेघ सुटले, पठारावर पाऊस झाला, आणि नदी आली. वीरणा तिच्या काठी साठ वर्षे जगली. रानोमाळ भटकणारी अनाथ माणसे तिने तेथे जमवली आणि त्यांना पहिली विद्या खणण्याची शिकवली. तिचा राग गेला नाही. वरुणाला तिने पुन्हा अर्घ्य दिले नाही, आणि वरुणाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ऋतंभरांना जो मोक्ष तिच्यासाठी हवा होता तो तिला मिळाला की नाही, याविषयी पुराणे काही सांगत नाहीत.

तो शाप शुभ्रतोयेकडून तिच्या उपनद्यांना आणि त्यांच्याकडून पठारावरच्या सर्व नद्यांना लागला, असे जाणते सांगतात. म्हणून चैत्र-वैशाखात पात्र कोरडे ठणठणीत पडले, तरी बायका वाटी घेऊन वाळूत उतरतात आणि झिरा उकरतात. आधी गढूळ पाणी येते. ते उपसून टाकावे लागते. मग थोडा वेळ हात आवरून बसले, की तळाशी नितळ पाणी हळूहळू चढू लागते, आणि ज्याची वाटी असेल त्याला ते मिळते.