धगूबाईची भट्टी

त्या राज्यात उन्हाची ऊब पोचत नसे. ऊब यायची ती एकाच ठिकाणाहून, माथा आणि खालचा मुलूख यांच्यामधल्या अरुंद खिंडीतल्या धगूबाईच्या भट्टीतून. तिथले निखारे तांबोजी हमाल नदीवाटे गावोगाव पोचवी. वाटेत विझू नयेत म्हणून निखारे राखेत गुंडाळून धाडायची रीत होती; राख फुंकून ते फुलवायचे ज्याचे त्याने. माथ्यावर जागल्या बसे. त्याच्यासमोर राज्याचा दिवा तेवे, आणि ऊब कमी पडली की तो नगारा वाजवी.

एके साली घात झाला. राज्याच्याच शिपायांनी धगूबाईला परकी समजून भट्टीच्या भिंती पोखरल्या. खुळेच ते! निखारे कमी पडू लागले. शेतं कोरडी पडून भेगाळली, गवत झडू लागलं, नदीची चाल मंदावली, गावं भरदिवसा पेंगू लागली. नगाऱ्याचा आवाज मात्र चढतच गेला. धगूबाईनं भट्टी लिंपून लिंपून फुगवली, तिचा पार रांजण केला, पण निखारे काही वाढेनात.

"तो जागल्या माझ्याच नावानं शंख करतोय मेला!" ती तांबोजीवर उखडली. "त्याला म्हणावं, ये खाली आणि लाव हात भट्टीला."

तांबोजी आताशा धापा टाकत यायचा. तो टेकून बसला. "धगूबाई, तो शिव्या नाही देत गं, हाका मारतोय. निखारा हातात पडायचा अवकाश, फुंकणी घेऊन बसतो. जास्तीचे निखारे विझवायचा पाण्याचा घडा तर त्यानं केव्हाच पालथा घातलाय. तुझी एक ठिणगी वाया जाऊ देत नाही. म्हणून दिवा आहे अजून. नाहीतर हे राज्य स्वतःचं नाव विसरलं असतं."

"माझ्याबद्दल काही म्हणतो का?"

"फुंकण्याआधी चिमूटभर राख कपाळाला लावतो. म्हणतो, बाई एवढ्या हालात पाठवतेय."

धगूबाईला रडू फुटलं. इतके दिवस ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याचे उपकार कसे फेडायचे तिला कळेना. डोळे पुसून ती म्हणाली, "मग त्याला खरं काय ते सांग. माझ्याच्यानं आता होत नाही. दिवा आहे तोवर बाहेर मदत माग म्हणावं."

तांबोजीनं निरोप पोचवला. दिवा फडफडत होता, तरी त्याच्याच उजेडात जागल्यानं राज्याला हलवून उठवलं. जडावलेल्या पावलांनी राज्य मदत मागायला बाहेर पडलं.

मग एका सकाळी, अन्नाचा कणही आत आला नव्हता तेव्हा, वरचा दरवाजा उघडला. घोटभर पाण्याबरोबर एक इवलासा पांढरा खडा खिंडीमागून खाली उतरला. तांबोजीनं त्यातला माल उचलला आणि तो थबकलाच. राखेत गुंडाळलेले निखारे, हुबेहूब धगूबाईच्या हातचे!

तेव्हापासून खडा रोज सकाळी येऊ लागला. हळूहळू नदीला वेग आला, गावं जागी झाली, नगारा मंदावला. धगूबाईला हायसं वाटलं, आणि वाईटही. आता या पडक्या भट्टीला कोण विचारणार, असं एका सकाळी तिच्या मनात आलं.

त्याच सकाळी बाहेरून राज्याचाच भलामोठा हात आला. इतके दिवस गारठलेला तो आता उबदार होता. खिंडीपाशी थांबून तो फुगलेल्या भट्टीवर टेकला, आणि दमून आलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हळूच फिरला.