पोरीचं वळण

सापाला अजून विष सुचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. रानातल्या साऱ्या गोगलगायींचे शंख उजवीकडे वळायचे. एकीच्या लेकीचा मात्र डावीकडे वळला.

"पोरीला काही वळण लावलंस की नाही गं?" शेजारणी म्हणाल्या.

"आहे की वळण. तिचं तिचं आहे," आई म्हणाली आणि लेकीला जवळ घेतलं.

पुढे साप आला आणि एकेकीला खाऊ लागला. पण उजव्या शंखांना सरावलेला त्याचा जबडा लेकीच्या शंखावरून निसटला. ती वाचली. तिच्या लेकी-नातींचे शंखही डावीकडेच वळले.

आता त्या रानात सारे शंख डावीकडे वळतात. परवा एकीच्या पिल्लाचा शंख उजवीकडे वळला.

"वळण नाही हो पोरीला," सगळ्या कुजबुजल्या.

सर्वांत म्हातारी गोगलगाय जरा सरकून बसली. "ये बाळ," ती म्हणाली, "माझ्या पानाखाली जागा आहे."