तांबूची घंटा

गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालायची, तेव्हाची ही गोष्ट. एक व्यापारी पितळी घंटा विकायला दूरच्या बेटावर गेला. गिऱ्हाइकं बोलवायला त्याने आपल्या तांबू बैलाच्या गळ्यातली घंटा बाजारात टांगली. घरी तिचा आवाज आला, की तांबू आला म्हणून सगळे दिवा घेऊन अंगणात यायचे. इथेही येतील, असं वाटून ती वाजू लागली.

भराभर दारं बंद झाली. ऐकू गेलं नसेल, म्हणून ती आणखी जोरात वाजली.

एक म्हातारी मेंढी धापा टाकत आली.

"या आजी! काय दाखवू?" घंटा हरखून म्हणाली.

"माझं कोकरू कड्यावर चरायला गेलंय. तेच पडलं का गं?"

"असं का विचारता?"

"आमच्याकडे कुणी मेलं, तरच घंटा वाजते."

कोकरू सुखरूप होतं, पण मेंढी भेदरलेल्या डोळ्यांनी घंटेकडे बघतच राहिली.

विकायला नेलेल्या घंटांची पेटी तशीच परत आली. घंटा पुन्हा तांबूच्या गळ्यात बांधली गेली. संध्याकाळी तो घराकडे निघाला, तेव्हा घंटेला मेंढीचे डोळे आठवले. तिने आपला लोलक घट्ट धरून ठेवला.

तांबू अंगणात येऊन उभा राहिला. दिवा घेऊन कुणीच बाहेर आलं नाही.